चौथी नमुना प्रत

पुस्तक कंपनीचा माणूस आणि स्थळं घेऊन येणारा मध्यस्थ यांच्यात फरक एवढाच, की मध्यस्थ एका वेळी एकाच मुलीचे गुण गातो. निलेश तिघींचे एकदम गात होता.

"हे जाड म्हणजे मॅडम, एकदम स्टँडर्ड. बाहेरच्या देशात हेच चालतं. हे चकचकीत, यात सगळी चित्रं रंगीत. आणि हे पिवळं..." इथे तो जरा घुटमळला. "हे मुलं घेतात."

"आणि मुलांना कोण विचारतंय, असंच ना?" अनसूयाबाई म्हणाल्या.

लोणावळ्याच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावरच्या त्या कॉलेजात अनसूयाबाई रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या. कॉलेजला यंदापासून स्वतःचा अभ्यासक्रम आखायची मुभा मिळाली होती, आणि दुसऱ्या वर्षाच्या ऑरगॅनिकला कुठलं पुस्तक लावायचं हे बाईंच्या सहीवर ठरणार होतं. आदल्या वर्षी निम्मा वर्ग ऑरगॅनिकमध्येच अडकला होता. प्राचार्यांनी बाईंना बोलावून चहा पाजला होता, आणि प्राचार्य आपण होऊन चहा पाजतात तेव्हा काय ते समजून घ्यायचं असतं.

बाईंची पुस्तक निवडायची रीत मात्र सगळ्या मावळात दुसऱ्या कुणाची नव्हती. प्रस्तावना त्या वाचत नसत. प्रस्तावना म्हणजे लेखकाने स्वतःच्याच पंगतीत स्वतःला केलेला आग्रह. त्या नमुना प्रती विभागाच्या बोळातल्या लांब टेबलावर मांडून ठेवत. कुणीही वाचा, घरी नेऊ नका. मत कुणाचं विचारायचं नाही. पंधरवड्याने पुस्तक मिटून आडवं धरायचं आणि पानांचे काठ बघायचे. जिथं वाचलं गेलं तिथं काठ काळा पडतो. हाताचा घाम, वडापावचं तेल, पेनाची शाई, सगळं तिथं जमा होतं. "पोरं तोंडानं खोटं बोलतात," बाई म्हणत, "अंगठ्यानं नाही."

दुसरी रीत शिक्क्याची. नमुन्याचं पुस्तक टेबलावर आलं, की विक्रेत्याचं मन बदलायच्या आत त्याच्यावर विभागाचा शिक्का उठवायचा. शिक्का पडला की पुस्तक विभागाचं. या रीतीवर बाईंनी दोन कपाटं भरली होती, आणि त्यातली निम्मी पुस्तकं कुणी उघडलेली नव्हती. पण फुकट आलेलं पुस्तक परत जाऊ देणं हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

त्या दिवशी त्यांचं लक्ष निलेशच्या दुसऱ्या पिशवीवर होतं. तिच्यात रेणूंच्या प्रतिकृती करायच्या पेट्या होत्या, प्लास्टिकचे रंगीत गोळे आणि ते जोडायच्या काड्या.

"एका पेटीत अख्खा वर्ग काय करणार? गोट्या खेळणार?"

"मॅडम, एकच मंजूर आहे वरून."

"वरून म्हणजे कुठून? ढगातून?"

बोलता बोलता बाई शिक्के मारत होत्या. प्रयोगशाळेतले अंबाजी एकेका पुस्तकाचं पहिलं पान उघडून पुढे धरत आणि बाई न बघता ठप्प करत. "चार झाली," अंबाजी म्हणाले. ते बाईंच्या कानावर पडलं, पण तेव्हा त्या दुसऱ्या पेटीवरून तिसऱ्या पेटीवर आल्या होत्या. फुकटच्या मालाची मोजदाद करायला कोण थांबतं?

मग ऑगस्ट लागला. त्या टेकडीवर ऑगस्टात ढग खिडकीतून आत येतो आणि बाकावर बसतो. खडू फळ्यावर उठत नाहीत, लिटमसचे कागद मऊ पडतात, बोळाच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला दिसत नाही. त्या बोळात पोरं टेबलाभोवती वाकून बसलेली असत. लांबून नुसत्या पाठी दिसायच्या आणि पानं उलटल्याचा आवाज यायचा. बाईंना वाटलं, यंदा पुस्तकांची परीक्षा चांगली रंगते आहे.

पंधरवड्याने त्यांनी पुस्तकं आडवी धरली. जाडाचे काठ दुधासारखे. सगळ्यांनी उघडलं होतं आणि सगळ्यांनी मिटलं होतं. चकचकीत पुस्तक चित्रांपुरतं मळलं होतं. पिवळं शेवटी शेवटी काळं होतं, म्हणजे उत्तरांपाशी. आणि त्याच्या खाली चौथं होतं.

गुळाच्या चिक्कीच्या रंगाचं पुठ्ठ्याचं वेष्टण. वर फक्त 'सेंद्रिय रसायन, द्वितीय वर्ष'. लेखक नाही, प्रकाशक नाही. पहिल्या एक तृतीयांश पानांचा काठ भजीवाल्याच्या फडक्यासारखा काळाकुट्ट, पुढचा सगळा कोरा. पहिल्या पानावर विभागाचा शिक्का, बाईंच्याच हाताचा, नेहमीसारखा जरा तिरका.

त्यांनी निलेशला फोन लावला.

"मॅडम, मी तीनच दिली. चौथं आमचं नाही."

"असेल रे. पिशवीत कुठलं मिसळलं असेल. घेऊन जा येऊन."

"शिक्का मारलाय का?"

"मारलाय."

"मग आमचं असतं तरी नेलं नसतं, मॅडम. शिक्का पडलेलं पुस्तक कुणी परत घेत नाही. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

बोळात कोमल उभी होती. टाकवे बुद्रुकची ही मुलगी गेल्या वर्षी ऑरगॅनिकमध्ये राहिली होती आणि यंदा पुन्हा बसली होती. आंबीच्या एखाद्या कंपनीत लॅबमध्ये चिकटायचं हे तिचं ठरलेलं. मध्ये अडसर एवढ्या एका विषयाचा.

"मॅडम, हेच लावा ना," ती चिक्कीच्या रंगाच्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली. "लय भारी हाय. दुसऱ्या पुस्तकात आमाला इंग्रजीच पार करता येत न्हाई, रसायन तर लांब. हे वाचताना असं वाटतं, तुमीच बोलताय."

बाईंनी ते खोलीत नेलं आणि उघडलं. पहिल्यांदा वास आला, डांबरगोळ्यांचा. तसा तो प्रयोगशाळेत कुठूनही येऊ शकतो. पण हा वास त्यांच्या साड्यांच्या कपाटातला होता, गोळ्यांबरोबर वाळ्याच्या मुळ्या ठेवलेला. मग त्यांनी काळा काठ संपतो तिथलं बेन्झिनचं प्रकरण काढलं.

'सहा आसनी टमटम बघा. पाच माणसं भरली असतील तर ड्रायव्हर हाका मारत स्टँडभर हिंडतो. सहावा चढला की एकदम शांत. मग कोण कुठल्या आसनावर, कुणाची मांडी कुणाच्या मांडीवर, हे विचारायचं नाही. सगळे सगळ्यांच्या जागेवर असतात. बेन्झिन हे असं भरलेलं टमटम आहे.'

हे उदाहरण बाईंचं होतं. त्या इतकी वर्षं शिकवत आल्या, त्यात त्यांनी कमावलं ते हेच. संशोधन बेताचं, पदव्या लागतील तेवढ्याच, पण न समजलेलं समजावणं हे त्यांचं वतन होतं. समोरच्या पोराचा चेहरा कोरा राहिला तर त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. पुढचं पान उलटलं. सुटून जाणाऱ्या गटाचं प्रकरण: 'चांगला पाहुणा तो, जो चहा संपल्यावर स्वतःच्या चपला स्वतः शोधतो.' हेही त्यांचंच. वर्गात जिथे पोरं हसतात तिथे नवा परिच्छेद.

त्यांचा पहिला संशय शौनकवर गेला. शौनक विभागातला धाकटा प्राध्यापक, सदा लॅपटॉपला चिकटलेला.

"माझी लेक्चरं रेकॉर्ड केलीस का?"

"मॅडम, मला माझी लेक्चरं करायला वेळ नाही."

"मग ही छापली कुणी?"

शौनकने पुस्तक चाळलं. "छान लिहिलंय पण. कुणी तरी जुन्या विद्यार्थ्यानं केलं असेल तुमच्यासाठी. गुरुदक्षिणा." आणि तो दात काढून हसला. "वाईट काय आहे त्यात? लावून टाका. रिझल्ट वर जाईल, प्राचार्य पुन्हा चहा पाजणार नाहीत."

बाईंना ते पटतही आलं होतं. पण जागेवरून उठता उठता एक ओळ दिसली. दुहेरी बंधावर हायड्रोजन कुठे जाऊन बसतो त्याविषयीची. 'ज्याच्या गोठ्यात आधीच म्हशी जास्त, नवी म्हैसही त्याच्याच दारात जाऊन उभी राहते, आणि वर शेपटी हलवते.' हे त्यांना त्या दिवशी सकाळी सुचलं होतं, स्टॉपवर बसची वाट बघताना, समोरून एक म्हैस शेपटी हलवत गेली तेव्हा. त्यांनी ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या पुन्हा खाली बसल्या. खिडकीतून आलेला ढग टेबलाच्या कडेपर्यंत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात बेन्झिन होतं. बाईंनी फळ्यावर षटकोन काढला, वर्गाकडे वळल्या, तोंड उघडलं आणि तोंडात काही नव्हतं. विसरल्यासारखंही वाटेना. विसरलेली गोष्ट कुठे तरी आडून चुळबुळत असते. इथे आड काहीच नव्हतं. षटकोन षटकोनासारखा दिसत होता. त्याचं काय करायचं असतं हे त्यांना कळेना.

"सहा..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

मग मागून कोमलचा आवाज आला, मदत करावी म्हणून, हळू: "सहा आसनी टमटम बघा. पाच माणसं भरली असतील तर..."

तिने ते शेवटपर्यंत सांगितलं. गावाकडचा हेल त्यात कुठेच नव्हता. थांबण्याच्या जागा बाईंच्या होत्या, 'एकदम शांत' म्हणताना हात खाली आणायची लकबही बाईंची होती. वर्ग हसायचा तिथे हसला. बाईही हसल्या. त्यांना उदाहरण आवडलं. असं उदाहरण आपल्याला का सुचलं नाही, असं क्षणभर मनात येऊन गेलं, आणि मग काल खोलीत वाचलेलं पान आठवून त्यांनी खडू खाली ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांच्या भावाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "भिकाजीमामा असता तर आजही उठला नसता, नाही का?"

"कोण भिकाजीमामा?"

"थट्टा करतेस का ताई? आपल्याकडे महिनाभर मुक्काम ठोकून बसला होता तो. आई शेवटी त्याच्या चपला उंबऱ्यावर मांडून ठेवायची. तूच तर वर्गात सांगतेस ती गोष्ट."

बाईंनी खूप धुंडाळलं. ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर राहतो तसा एक पट्टा होता, बाकी काही नाही. पाहुण्याचं प्रकरण पोरांनी वाचलं होतं. काठावर त्यांचे अंगठे उमटले होते. जे वाचलं गेलं ते इकडून गेलं. धडा गेला, आणि धडा जिथून आला होता ते घरही गेलं.

शास्त्र शिकवणारी बाई. भिऊन बसायच्या आधी खात्री करून घेणं आलंच. त्यांनी पुस्तक विषारी रसायनांच्या लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. दोन दिवसांनी काढलं तर काठ आणखी बोटभर काळा झालेला.

"बाई, एक सांगू?" अंबाजी कपाटापाशी येऊन म्हणाले. "दुपारचं हितं कुनी नसतं तवा आतनं आवाज येतो. पानं उलटल्याचा."

"उंदीर असेल, अंबाजीभाऊ."

"मीबी तेच म्हनलो. पर उंदीर पान उलटून थांबत न्हाई." अंबाजींनी कपाटाच्या दाराला हात लावला आणि काढून घेतला. "ह्यो थांबतो. वाचल्यागत. मग फुडचं उलटतो."

वाचतं कोण हे शौनककडून कळलं. वर्गाच्या ग्रुपवर पुस्तकाच्या पानांचे फोटो कधीच फिरत होते. पोरं बसमध्ये, स्टेशनवर, जेवताना वाचत होती. बाईंनी पुस्तक कोंडलं होतं आणि पुस्तक गावोगाव फिरत होतं. जुन्या माणसांची ही चूक नेहमीची: कुलूप दाराला लावतात, आणि माल भिंतीतून जातो. कपाटातल्या आवाजाचंही बाईंनी शौनकला सांगितलं. त्याने ते हसण्यावारी नेलं, आणि त्या दिवसापासून कपाटाकडे पाठ करून बसेनासा झाला.

"कुठपर्यंतचे फोटो आहेत?" बाईंनी विचारलं.

"मागच्या चाचणीपर्यंतचे. पुढचं शिकवून झाल्याशिवाय कोण काढतंय?"

मग बाईंनी पुस्तकाचा कोरा भाग उघडला. पहिलंच प्रकरण छत्रीचं होतं.

कार्बनला चार हात. मागून एक जण घुसतो, त्याच दणक्याला पुढचा एक जण सुटून जातो, आणि उरलेले तीन हात वाऱ्यात छत्री उलटावी तसे उलटे होतात. ऑरगॅनिकमधली ही सगळ्यात अवघड वळणाची जागा, आणि परीक्षेत हमखास येणारी. बाई दरवर्षी ती एका गृहस्थांच्या छत्रीवरून शिकवत. कोण गृहस्थ, हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

ते अनंतराव होते. पोस्टात नोकरी, पाऊस लागला की खिडकीसुद्धा न उघडणारा माणूस. मोजा ओला झाला तर दिवस फुकट गेला म्हणणारा. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात बाईंनी हट्टाने त्यांना भुशी धरणावर नेलं होतं. तिथे वाऱ्याने छत्री उलटली. ती सरळ करायला गेले, तर कापड आणि काड्या पाण्यात गेल्या आणि हातात नुसती मूठ उरली. अनंतराव त्या मुठीकडे बघत राहिले आणि हसायला लागले. पुढच्या दातांतली फट दिसेपर्यंत, वाकून, गुडघे धरून. कणसं भाजणारी बाईसुद्धा हसायला लागली. पुढे कित्येक वर्षं संसार झाला, चार वर्षांपूर्वी ते गेले. पण असे मोठ्याने ते पुन्हा कधी हसले नाहीत. तो एक दिवस बाईंच्या जमेला होता. दरवर्षी छत्री शिकवायच्या निमित्ताने त्या एकदा तिथे जाऊन येत.

पुस्तकात ते सगळं होतं. नाव तेवढं नव्हतं. मूठ होती, कणीसवाली होती, दातांतली फटही होती. पानांचे काठ अजून स्वच्छ होते.

बाईंनी पुस्तक पदराखाली घेतलं आणि घरी नेऊन साड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांमध्ये ठेवलं. सोमवारी अभ्यास मंडळाची बैठक होती. शिफारशीच्या कागदावर पिवळं पुस्तक लिहायचं त्यांनी ठरवून टाकलं. पिवळं वाईट नव्हतं. उत्तरं असतात त्यात.

रविवारी दुपारी दारात कोमल उभी. टाकव्याहून कान्ह्याला, तिथून लोकलने लोणावळ्याला, आणि स्टेशनपासून चालत. ओढणीवरून पाणी निथळत होतं.

"मॅडम, फुडच्या प्रकरणाचं तेवढं फोटो काढून घेऊ द्या. ते पिवळं मी दोनदा वाचलं. त्यात लिवलंय 'कॉन्फिगरेशन उलटे होते'. का होतं, ते न्हाई लिवलं. मंगळवारी चाचणी हाय."

"पुस्तक नाही मिळायचं. बस, मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. घरी आणलेल्या निलेशच्या पेटीतले गोळे काढले, काड्या जोडल्या, उलटवून दाखवलं. कोमलने मान हलवली. ती मान बाई ओळखत होत्या. समजलं नाही तरी मास्तरांचं मन मोडू नये म्हणून हलवायची मान.

"छत्री उलटते ना वाऱ्यात? तसं," बाई म्हणाल्या.

"छत्री कशी उलटंल, मॅडम? आमच्याकडं इरलं असायचं आज्याचं. ते उडून जातं, उलटत न्हाई."

"अगं, समज एक गृहस्थ आहेत..." बाई थांबल्या. गृहस्थांना पुढे न्यावं तर ते भुशीलाच जाणार. त्यांनी नुसती छत्री सांगितली, माणूस वगळून, हसणं वगळून, मूठ वगळून. ती सांगितली आणि ती हवेत तशीच लटकत राहिली. कोमलचा चेहरा कोरा. ती कुरकुरली नाही. वही मिटून म्हणाली, "असू द्या मॅडम. तसंबी घरचे म्हनत्यात, एवढं वरीस बघू, मग बास."

असं ती सरळ सांगत होती, आज डाळीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. रडून मागितलं असतं तर बाईंनी दिलं नसतं. रडणाऱ्या पोरांचा त्यांना सराव होता. कोऱ्या चेहऱ्याचा मात्र कधीच झाला नाही. समोरचा न समजता उठून जातोय, आणि समजेल अशी गोष्ट आपल्या कपाटात साड्यांखाली आहे, हे त्यांना अर्ध्या तासाच्या वर झेपणारं नव्हतं. काही लोक याला त्याग म्हणतील. ज्यांनी बाईंना जवळून पाहिलं होतं ते म्हणतील, खोड.

त्यांनी कपाट उघडलं.

"फोटो नको. इथेच बसून वाच. मी चहा टाकते."

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस लावला, आधण ठेवलं, आणि ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून तो दिवस मनात म्हणायला सुरुवात केली, परवचा म्हणावा तशी. काळी छत्री. पिवळसर पाणी. कणीसवाली. मूठ. बाहेरच्या खोलीत पान उलटलं आणि थांबलं. काळी होती की निळी? कणीसवाली बसली होती डाव्या हाताला, तिच्यापुढे, तिच्यापुढे काय होतं? धूर होता. पान उलटलं. धूर कशाचा? बाई पुटपुटत होत्या, वेगाने, पाण्याला उकळी येत होती तशी. मूठ आणि हसणं, मूठ आणि हसणं, मूठ. मूठ कशाची?

पान उलटलं.

आधण उकळून भांड्याच्या कडेला आलं होतं. बाईंनी आलं किसून टाकलं, साखर टाकली. ओट्याची कड धरून आपले पंजे का दुखताहेत, हे त्यांना उमगलं नाही. थंडी असेल.

त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा कोमलचा चेहरा उजळला होता. तो उजेड बाईंना सगळ्या जगात सगळ्यात जास्त प्रिय होता. त्या मनापासून सुखावल्या.

"समजलं?"

"समजलं मॅडम. आता कुनीबी विचारू दे." आणि पोरीने गोळे हातात घेऊन मागून घुसणारा, पुढून सुटणारा, उलटे होणारे तीन हात, सगळं करून दाखवलं, कुठे अडखळली नाही.

"हुशार आहेस. हे कुठल्या पुस्तकातलं?" असं म्हणून बाईंनी तिच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं, मिटलं, आडवं धरलं. काठ अर्ध्यापर्यंत काळा होता. हे आपण साड्यांखाली का दडवलं होतं, तेही त्यांना आठवेना. काठ काळा म्हणजे पुस्तक चांगलं; एवढी वर्षं त्यांनी याच कसोटीवर पुस्तकं लावली होती. टेबलावर शिफारशीचा कागद होता. 'निवडलेले पाठ्यपुस्तक' या ओळीपुढे त्यांनी वळणदार अक्षरात 'सेंद्रिय रसायन, द्वितीय वर्ष' लिहिलं आणि खाली सही केली.

कोमल चहा फुंकत भिंतीकडे बघत होती. भिंतीवर अनंतरावांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. फोटोत ते हसत नव्हते, पण ओठ जरासे उघडे होते आणि पुढच्या दातांतली फट दिसत होती.

"मॅडम," कोमल म्हणाली, "ते छत्रीवालं हेच ना?"

"कोण छत्रीवाले?"

"भुशीला. ज्यांची छत्री उलटली. ते हसले बघा, मूठ हातात धरून."

बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग कोमलकडे, आणि थोडंसं हसू आलं त्यांना.

"छे गं. हे आणि भुशीला? पावसात खिडकी उघडत नव्हते हे. कधी नाही आले." त्यांनी बशी पुढे सरकवली. "आणि मोठ्यानं हसताना तर यांना मी जन्मात पाहिलं नाही. बिस्कीट घे."

कोमलने बिस्कीट उचललं नाही. तिची नजर मिटलेल्या पुस्तकावर गेली, तिथून फोटोवर, आणि मग तिने कप हळूच खाली ठेवला.